लेदर आणि आयरिस: 'क्युइर ऑटोमन' गोव्याच्या हवेत कसा वागतो?

मांडवीकर

निश (छोट्या, खास घराण्यांच्या) परफ्यूमच्या जुन्या धाग्यावर लेदरचा विषय निघाला की गाडी दर वेळी उदाकडे (अगरूच्या वासाकडे) वळते, म्हणून हा स्वतंत्र धागा. पार्फम दांपीर या फ्रेंच घराण्याचा 'क्युइर ऑटोमन' (क्युइर म्हणजे चामडं) सध्या वापरतोय. २००६ चा आहे, म्हणजे ताजा माल नाही. बनवणारा मार्क-आंत्वान कोर्तिकियातो: मूळचा कॉर्सिकन, बालपण मोरोक्कोत, आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. बाटली माझी नाही. पुण्याच्या मित्राकडून डिकँट (त्याच्या बाटलीतून काढलेली छोटी कुपी) घेतली.

सुरुवातीला चामडं आणि फक्त चामडं. पण धुरकट, डांबरट, बुलेटवाल्याच्या जाकिटाचं नव्हे. मऊ, कमावलेलं, अंगाला न टोचणारं. अर्ध्या तासाने खालून आयरिस वर येतो आणि तिथे मी विकला गेलो. कोरडा, पुडीसारखा, किंचित मातकट. दिवाळीच्या आदल्या रात्री आई उटण्याचा डबा उघडते तेव्हा नाकात पहिली जी धूळ जाते ना, नागरमोथा-कचोऱ्याची, तोच कोरडेपणा. गोडी नाही, पण नाक पुन्हा पुन्हा तिकडेच जातं. शेवटी राळ, लोबान, थोडी व्हॅनिलासारखी ऊब, आणि ती कॉलरवर दुसऱ्या दिवशीही असते.

आता खरी अडचण. पणजीत पाटोवरच्या ऑफिसात एसी चोवीस अंशांवर असतो, तिथे हा परफ्यूम पुस्तकात लिहिल्यासारखा उलगडतो. दुपारी जेवायला बाहेर पडून स्कूटरवर बसलो की आयरिस गायब. चामडं आणि राळ दोन्ही फुगतात, गळ्याशी येतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. चाचणीची कागदी पट्टी खिडकीत ठेवली होती, सकाळी लिबलिबीत होऊन वाकलेली, आणि तिला येत होता तो वास कपाटातल्या बुरशी आलेल्या पट्ट्याचा की परफ्यूमचा हे मला सांगता येईना. तेव्हापासून पट्ट्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवतो.

माझं मत: वास उत्तम, पण आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळचा. वर्षातले तीन महिने वापरायला पूर्ण बाटली घ्यावी का, हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो.

फोंड्याचा_शेजारी

छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. आयरिस म्हणजे ते जांभळं फूल ना, कॅलेंडरवर असतं ते? फुलाचा वास मातकट आणि उटण्यासारखा कसा?

दोहाकर_गोंयकार

मी हा दोहात घेतलाय. चामडं मस्त. आयरिस? कुठला आयरिस? शोधून थकलो.

सुरंगी

@फोंड्याचा_शेजारी, प्रश्न बाळबोध नाही, निम्म्या परफ्यूमवाल्यांनाही हे माहीत नसतं. वास फुलाचा नसतोच, जमिनीखालच्या गड्ड्याचा असतो. आपल्या आल्या-हळदीसारखा आडवा वाढणारा कंद. यासाठी मुख्यतः आयरिस पॅलिडा लावतात, इटलीत फ्लॉरेन्सच्या आसपासच्या टेकड्यांवर. मोरोक्कोत आयरिस जर्मॅनिका होतो. फ्लॉरेन्सच्या झेंड्यावर जी लाल 'लिली' दिसते तीही मुळात आयरिसच आहे.

गंमत अशी की ताजा कंद उपटून हुंगला तर काहीच नाही, ओल्या बटाट्यासारखा. जमिनीत साधारण तीन वर्षं, मग हाताने सोलून, वाळवून आणखी काही वर्षं ठेवतात. त्या काळात हवेतला ऑक्सिजन कंदातल्या मोठ्या रेणूंना हळूहळू तोडतो आणि आयरोन नावाची द्रव्यं तयार होतात. वास त्यांचा. नंतर भुकटी करून वाफेवर ऊर्ध्वपातन. जे निघतं ते तेल नसतं, खोलीच्या तापमानाला मेणासारखं घट्ट होतं, कारण त्यात मिरिस्टिक आम्ल भरपूर. म्हणून त्याला आयरिस बटर म्हणतात. एक टन वाळक्या मुळांतून साधारण दोन किलो बटर. किलोमागे भाव लाखांत जातो तो याच हिशेबाने. सहा-सात वर्षं पैसा जमिनीत आणि गोदामात अडकवून बसायची तयारी लागते.

त्यामुळे 'आयरिस आहे' असं छापलेल्या प्रत्येक बाटलीत तो ओतलेला असेल असं समजू नका. चिमूटभर खरा आणि बाकी आयोनोन नावाचं बनवलेलं गंधद्रव्य, असा सर्वसाधारण मामला असतो. त्यात फसवणूक नाही, कारागिरी आहे. पण आयरिसच्या नावावर पैसे मोजताना हे डोक्यात असावं.

जुनी_जाणती

माहिती फार आवडली, सुरंगी. माझा प्रश्न वेगळा. भाच्याने असंच एक लेदरचं परफ्यूम भेट दिलंय. चामड्याचं म्हणजे त्यात खरंच चामडं असतं का हो? दर सोमवारी मंगेशीला जाते, लावून जावं की नको?

रसायन_मास्तर

@जुनी_जाणती ताई, निश्चिंत असा. चामड्यातून काढलेलं 'चामड्याचं तेल' परफ्यूमवाल्यांच्या कपाटात नसतंच. तो वास रचावा लागतो. कसा, ते सांगतो, म्हणजे मांडवीकरांच्या अडचणीचंही निम्मं उत्तर मिळेल.

जुनी पद्धत बर्चच्या डांबराची. बर्च झाडाची साल कोरडी भाजून निघतं ते. रशियात कातडी कमावताना हे तेल वापरायचे, म्हणून 'रशियन लेदर' हा प्रकार झाला. शनेलचा 'क्युइर द रुसी' एर्नेस्ट बो या परफ्यूमकाराचा, १९२० च्या दशकातला. आता कच्चं बर्च डांबर वापरता येत नाही, त्यातल्या घातक घटकांमुळे इफ्रा या सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने बंधन घातलंय, शुद्ध केलेलंच चालतं. दुसरी वस्तू आयसोब्युटाइल क्विनोलिन. कडू, हिरवट, शाईसारखी. १९४४ च्या 'बँडिट' या परफ्यूममध्ये तो रचणाऱ्या जर्मेन सेलिएने तिचा असा सढळ हात सोडला की आजही हुंगणारा दचकतो. तिसरी लॅबडॅनम, सिस्टस नावाच्या झुडपाची चिकट राळ. क्रीट बेटावर चरून आलेल्या शेळ्यांच्या दाढ्या विंचरून ती गोळा करायचे. शिवाय स्टायरॅक्सची राळ.

प्राणिज म्हणावं असं एकच: कॅस्टोरियम, बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतलं. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्रयोगशाळेतल्या रसायनांनी घेतली आहे. अगदी सोवळ्यातच विचार करायचा असेल तर प्राणिज घटक नाहीत असं कंपनी लिहून देते का, तेवढं बघा.

आणि मऊ लेदरसाठी अलीकडे केशराच्या अंगाने जाणारी रसायनं घेतात. वनस्पतिशास्त्रात केशर आणि आयरिस एकाच कुळातले, इरिडेसी. दोघांचं बाटलीत जमतं त्यामागे हेच कारण आहे असा माझा दावा नाही, पण वर्गात मुलांना सांगायला बरं पडतं.

फोंड्याचा_शेजारी

शेळ्यांच्या दाढ्या!! वाचनखूण साठवली.

जुनी_जाणती

धन्यवाद मास्तर. तरी पण देवळात नकोच म्हणते. गाभाऱ्यात सगळे खेटून उभे असतात, आणि भटजींना आधीच शिंका येतात.

चामडेवाला

मडगावात बॅगा-पट्ट्यांचं दुकान आहे, तेव्हा माझेही चार आणे.

तुम्ही सगळे 'खऱ्या चामड्याचा वास' म्हणता तो नेमका कुठला? बाजारातला बराचसा माल क्रोम टॅनिंगचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला. त्याला स्वतःचा असा वास फार नसतो. दुकानात शिरल्यावर येतो तो निम्मा गोंदाचा, पॉलिशचा आणि फिनिशचा. आपली कोल्हापुरी घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेली. तिचा वास तुरट, सालीसारखा, थोडा आंबूस. तिथे धूर नाही, डांबर नाही. परफ्यूममधलं लेदर माझ्या नाकाला कधीच चामडं वाटलं नाही, श्रीमंताची गाडी वाटली. मांडवीकरांनी दिलेली पट्टी मी हुंगली आहे (हो, दुकानात येऊन ती डबी उघडून दाखवली त्यांनी). त्यातल्या त्यात हा प्रामाणिक आहे. नवीन चामड्याला हात लावल्यावर बोटांना जो कोरडा, पावडरी वास राहतो तो त्यात आहे, आणि तो मला वाटतं तुमच्या आयरिसमुळे.

बुरशीचं म्हणाल तर जूनमध्ये माझ्या शोकेसचंही तेच होतं. सिलिका जेल ठेवा, कपाट आठवड्यातून उघडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत चामडं बांधू नका. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. तो वास एकदा चामड्यात बसला की कुठलंही परफ्यूम हरतं.

सुरंगी

@चामडेवाला, तुम्ही अगदी जुन्या दुखण्यावर बोट ठेवलंत. चामडं आणि सुगंध यांची जोडी मुळात दुर्गंधीतून जमली. फ्रान्सचं ग्रास हे गाव आधी कातडी कमावणाऱ्यांचं. कमावलेल्या हातमोज्यांना घाण यायची म्हणून ते फुलांत, राळेत, आयरिसच्या भुकटीत मुरवायचे. हातमोजेवाले आणि अत्तरवाले तिथे एकच धंदेवाले होते. पुढे मोजे गेले आणि अत्तर राहिलं. त्यामुळे लेदर-आयरिस हा आजच्या निश दुकानांनी काढलेला शोध नाही.

दोहाकर_गोंयकार

इतिहास ठीक. पण माझ्या प्रश्नाचं काय? इथे एसीत बसून हुंगतोय, तरी आयरिस येत नाही. बायको म्हणते येतो. मांडवीकर म्हणतो येतो. मला येतं ते चामडं आणि मागे काहीतरी आंबट. बाटली नकली तर नाही ना?

मांडवीकर

अरे बाबा, ओळखीच्या दुकानातून घेतली ना? सील, बॅच नंबर बघ. पण मला वाटतं बाटलीचा दोष नाही. माझ्या बहिणीचंही असंच होतं, तिला कुठलाच आयरिस लागत नाही.

रसायन_मास्तर

@दोहाकर_गोंयकार, 'काहीतरी आंबट' हे वाचून कान टवकारले.

थोडं मागे जातो. १८९३ साली टीमन आणि क्रूगर हे दोन जर्मन रसायनतज्ञ आयरिसच्या मुळातलं गंधद्रव्य बनवायच्या मागे होते. ते हाती लागलं नाही, लागलं त्याचं भावंड: आयोनोन. वास व्हायोलेट फुलांचा. ते स्वस्तात बनायला लागलं आणि व्हायोलेटचं अत्तर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. सुरंगीताईंनी वर म्हटलेलं 'बाकी आयोनोन' ते हेच.

यातल्या बीटा-आयोनोनबाबत एक ठरलेली गोष्ट आहे. नाकातल्या OR5A1 या वास टिपणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकात लोकालोकांत फरक असतो. काहींना ते फुलासारखं, सुगंधी लागतं. काहींना त्याच प्रमाणात जवळजवळ काहीच येत नाही, आणि जास्त झालं की आंबट, व्हिनेगरसारखं येतं. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. तेव्हा तुमची बाटली बरोबर, बायकोचं नाक बरोबर, तुमचंही नाक बरोबर. एवढंच की या परफ्यूमचा अर्धा भाग तुमच्यासाठी बनलेलाच नाही.

दुसरं, ज्यांना येतो त्यांचंही नाक आयोनोनला लवकर सरावतं. सतत मनगटाला नाक लावून बसलात की 'गायब झाला' असं वाटतं. मांडवीकरांच्या स्कूटरवरच्या गायब होण्यात थोडा वाटा याचाही असणार. उष्णतेने सगळंच भराभर उडतं हे खरं, पण सकाळपासून हुंगून हुंगून नाक थकलेलं असतं हेही खरं. पाच-दहा मिनिटं बाहेर चक्कर मारा, मग बघा.

दोहाकर_गोंयकार

म्हणजे मी एवढे रियाल मोजले ते बायकोसाठी.

जुनी_जाणती

तसेच मोजायचे असतात रे बाळा.

कुळागर

मला तुमची ही भानगड कळत नाही. आमच्या पेडण्याकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) माळले की घर भरून जातं. पावसाच्या तोंडावर ओवळां (बकुळीची फुलं) पडतात, ती वाळली तरी वास जात नाही. सुट्टीत मोगरा आहे, चाफा आहे, केवडा आहे. हे सगळं सोडून फ्रान्सच्या माणसाने इटलीच्या मुळापासून बनवलेला तुर्कस्तानचा चामड्याचा वास, तोही घामाच्या हवेत! कनौजचं मिट्टी अत्तर (ओल्या मातीच्या वासाचं) घ्या, पावसाळ्यात त्यासारखं काही नाही.

कुळागर

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला.)

सुरंगी

काका, माझं टोपणनावच बघा. सुरंगीला मी का नाही म्हणेन? पण सुरंगी घालून बोर्डाच्या मीटिंगला बसता येत नाही. ती खोलीत आली की बाकी सगळे गप्प. आयरिस उलट. जवळ आल्याशिवाय कळतच नाही. रोज दहा तास माणसांत वावरणाऱ्या बाईला ही गोष्ट किती मोलाची असते ते वेगळं सांगायला नको.

मिट्टी अत्तराबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

कुळागर

बरं बाई. पण किंमत?

मांडवीकर

किमतीवरच येत होतो. सगळ्यांचे प्रतिसाद वाचून चाचणीची पद्धत बदलली. एकच फवारा, कोपराच्या आत, मनगटावर नाही (हात धुताना तिथलं निम्मं जातं). अधूनमधून हुंगायचं, सतत नाही. आणि सोबतीला दुसऱ्या हातावर जुना 'डिओर ऑम', २००५ चा ऑलिव्हिए पोल्जचा, थोडा शिल्लक होता.

शेजारी ठेवल्यावर फरक नीट कळला. डिओरमध्ये आयरिस लिपस्टिकच्या, कोकोच्या अंगाने जातो आणि लेदर मागे उभं असतं. इथे लेदर पुढे आणि आयरिस त्याला आतून कोरडं ठेवतो. म्हणजे चामड्याच्या त्या राळगोडीला लगाम घालायचं काम त्याचं. आयरिससाठी म्हणून हा घेणारा निराश होईल, आणि आयरिस काढला तर हा आणखी एक गोडगोड लेदर उरेल. जो भाग सर्वांत कमी ऐकू येतो त्याचेच पैसे आहेत, असं माझं आता पक्कं झालंय. हे मान्य असेल त्यानेच घ्यावा.

गोव्याच्या हवेचं म्हणाल तर मत फारसं हललं नाही. मास्तरांच्या सल्ल्याने नाकाला विश्रांती दिली तर दुपारीही आयरिस थोडा सापडतो. पण दुपारी तो शोधत बसावं लागतं, आणि शोधायला लागणारा वास मी ऑफिसला लावून जात नाही. परवा रात्री मिरामारच्या वाऱ्यात मात्र झकास.

फोंड्याचा_शेजारी

ज्याला आयरिस हवा आणि वर्षभर हवा त्याने काय घ्यावं मग? लेदर नसलं तरी चालेल.

सुरंगी

माझ्या अनुभवातले सांगते, क्रम आवडीचा नाही.

प्राडाचा 'इन्फ्युजन दिरिस', २००७, डॅनिएला आंद्रिए. हलका, धुतलेल्या कपड्यांसारखा स्वच्छ. आपल्या दमट हवेत मला सर्वांत भरवशाचा हाच वाटला. एर्मेसचा 'हिरिस', १९९९, ऑलिव्हिया जिआकोबेत्ती. जास्त मातकट, अबोल. सर्ज लुटेन्सचा 'आयरिस सिल्व्हर मिस्ट', १९९४, मोरिस रूसेल, हा आयरिसच्या गड्ड्याचा अर्कच. गाजर, ओली माती, थंडगार धातू. पहिल्यांदा हुंगताना अर्धे लोक नाक मुरडतात. न हुंगता बाटली मागवू नका, मग माझ्या नावाने शंख कराल. लेदरसकट हवा असेल तर शनेलचा 'नंबर १९', आँरी रोबेरचा. वर गॅल्बनम नावाच्या राळेचा हिरवा करकरीतपणा आहे म्हणून उन्हातही तरतरीत राहतो.

आणि जाता जाता: 'डिओर ऑम' नावाने २०२० मध्ये जो आला तो वेगळाच परफ्यूम आहे, आयरिस जवळजवळ नाहीच. मांडवीकरांचं वाचून दुकानात धावाल, म्हणून सांगितलं.

चामडेवाला

बाटली कुठे ठेवता हेही लिहा की कोणीतरी. आमच्याकडे गिऱ्हाइकं बाथरूमच्या कपाटात परफ्यूम ठेवतात आणि वर्षाने म्हणतात वास बदलला.

रसायन_मास्तर

बरोबर. ऊन, उष्णता आणि हवा हे तीन शत्रू. खोक्यातच ठेवा, बेडरूमच्या कपाटात, खिडकीपासून लांब. गाडीच्या डॅशबोर्डात तर कधीच नाही.

मांडवीकर

तर मग निर्णय. तीन महिन्यांसाठी पूर्ण बाटली मी एकटा घेणार नाही. अल्कोहोल असल्यामुळे परदेशातून हवाई टपालाने मागवायचाही घोळ असतो, तेव्हा तो मार्ग बाद. मित्राचा भाऊ डिसेंबरात पॅरिसहून येतोय, तो चेक-इन सामानात आणेल. वाटून घ्यायचा असेल तर इथे नाव आणि मिली लिहा. काचेच्या कुप्या मी आणतो, वाटप पणजीत, सगळ्यांसमोर. मूळ किमतीवर एक पैसा जास्त नाही.

सुरंगी

मला १० मिली.

चामडेवाला

५. दुकानात डेमोला ठेवतो. गिऱ्हाईक म्हणेल पट्ट्याला काय वास आहे!

फोंड्याचा_शेजारी

५ मिली. आधी व्यक्तिगत निरोपात हिशेब पाठवा, जीपे करतो.

दोहाकर_गोंयकार

मला नको, माझ्याकडे जवळजवळ भरलेली आहे. बायको सोडत असेल तर तीच वाटपाला पाठवतो.

कुळागर

२ मिली असतं का? हुंगून तरी बघतो. मनगटाला नाही, कोपराच्या आत ना?